झोपाळू ओलावामापक

क्युरपीपला पावसासाठी छत्री उघडावी आणि फ्लिक-आँ-फ्लाकला बसमधून उतरताना तीच छत्री उन्हासाठी उघडावी, असे आपल्या मॉरिशसमध्ये पुष्कळदा घडते. दोन्ही गावांमधले अंतर काही फार नाही. मग एवढा फरक कशामुळे पडतो?

आपल्या बेटावर वर्षातील बराच काळ आग्नेय दिशेकडून वारे येतात. समुद्रावरून येताना ते बाष्प घेऊन येतात. डोंगर आणि मधले पठार चढताना ते थंड होतात व तेथेच पाऊस पाडतात. डोंगर उतरून पश्चिमेकडे येईपर्यंत त्यांच्याजवळचे बरेचसे बाष्प संपलेले असते. म्हणून मधल्या पठारावर काही ठिकाणी वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो ९०० मिलिमीटरच्या आसपास असतो. समजा, वर्षभराचा सगळा पाऊस न वाहता, न मुरता आणि न आटता जागच्या जागी साचून राहिला. तर पठारावर दोन पुरुष पाणी होईल आणि पश्चिमेला ते पाच वर्षांच्या मुलाच्या जेमतेम खांद्यापर्यंत येईल.

या कोरड्या पश्चिम भागातही ऊस होतो, भाजीपाला होतो. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, बांबू गावाच्या आसपास, तुम्ही ही शेते पाहिली असतील. मे ते ऑक्टोबर हे महिने थंड आणि कोरडे असतात. त्या काळात येथे पिकाला बाहेरून पाणी द्यावेच लागते. कधी कधी उन्हाळ्यातला पाऊसही दगा देतो. १९९९ साली असेच झाले. त्या वर्षी एवढा दुष्काळ पडला, की देशातील साखरेचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा पुष्कळच घटले.

पाणी थोडे असेल तर ते जपून वापरावे, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण शेतात ‘जपून’ म्हणजे किती? आपण एक हिशेब करून पाहू.

आपल्याकडे जमीन आर्पांमध्ये मोजतात. एक आर्पां म्हणजे सुमारे ४२०० चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले, तर ते बरोबर १ लीटर भरते. आता एक आर्पां जमिनीला १० मिलिमीटर पाणी दिले, तर किती पाणी लागेल? ४२०० गुणिले १०, म्हणजे ४२,००० लीटर. तुमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल. ती १००० लीटरची धरली, तर अशा ४२ टाक्या झाल्या! गरज नसताना एक दिवस पाणी दिले, तर एवढे पाणी वाया गेले.

वाया गेलेले पाणी एकटे जात नाही. ते मुळांच्याही खाली उतरते आणि उतरताना मातीतील खत विरघळवून आपल्याबरोबर नेते. शेतकऱ्याने त्या खतासाठी पैसे मोजलेले असतात. शिवाय आपल्या घरांत नळाने जे पाणी येते, त्यातले जवळजवळ निम्मे जमिनीखालून उपसलेले असते. खत तेथवर पोहोचणे कोणाच्याच हिताचे नाही.

बरे, पाणी कमी दिले तर? तर झाड आपल्या पानांवरची बारीक छिद्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते, पण झाडाची वाढही थांबते. टोमॅटो, ज्याला बाजारात आपण पॉम दामूर म्हणतो, त्याची फुले गळू लागतात. आणि बरेच दिवस कोरडे ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिले, तर त्याची फळे तडकतात. तडकलेले फळ कोण घेणार?

म्हणजे प्रश्न एवढाच आहे: आज पाणी द्यायचे की नाही? प्रश्न लहान वाटतो, पण त्याचे उत्तर जमिनीच्या आत दडलेले असते. वरून माती सुकलेली दिसते आणि वीतभर खाली ती ओली असते. कधी याच्या उलटही असते. रात्री हलकी सर येऊन गेली, की वरचा थर काळाभोर दिसतो आणि खाली मुळे तहानलेलीच राहतात.

जुने शेतकरी याचे उत्तर कसे शोधतात, ते पाहा. समजा, एका आजोबांचा भाजीचा मळा आहे. त्यांची नात सुटीत मळ्यात आली आहे.

“आजोबा, आज पाणी सोडायचं का?”

“थांब. आधी मातीला विचारू या.”

आजोबा कुदळीने वीतभर खोल खणतात. खालची मूठभर माती घेऊन ती तळहातावर दाबतात.

“हे बघ, गोळा होतोय. पण हात ओला झाला नाही. आणि बोटानं टोचलं, की गोळा फुटतोय. म्हणजे वाफसा आहे. आज पाणी नको.”

“आणि आजोबा, त्या पलीकडच्या टोकाला?”

“तिथं जाऊनच बघायला हवं, बाळा. तिथली माती निराळी आहे.”

वाफसा हा शेतकऱ्यांचा मोठा छान शब्द आहे. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही. तिच्या कणांमधल्या फटींत थोडे पाणी आहे आणि थोडी हवाही आहे. अशा वेळी जमीन वाफशावर आहे असे म्हणतात. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते, म्हणून त्यांना वाफसा फार मानवतो.

आजोबांची रीत चांगलीच आहे. तिला खर्च नाही, वीज नाही. पण शेत मोठे असेल तर रोज दहा ठिकाणी खणायचे कोणी? हाताला कळते ते आकड्यांत सांगता येत नाही, ही दुसरी अडचण. आजोबांचा अनुभव नातीला एका सुटीत येणार नाही. म्हणून मातीत पुरून ठेवायचे आणि आतली ओल सांगणारे एक लहानसे साधन लोकांनी तयार केले. त्याला ओलावामापक म्हणतात. ओलावा सेन्सर असेही त्याला म्हणतात.

ओलावामापक काय पाहतो, हे समजण्यासाठी घरातला स्पंज घ्या. तो बादलीत बुडवून वर काढा. पाणी धो धो गळेल, मग थेंब थेंब पडेल आणि मग थांबेल. थांबला तरी स्पंज ओलाच असतो. जमिनीचे असेच होते. चांगले पाणी दिल्यावर एक-दोन दिवस जास्तीचे पाणी खाली निथळते आणि मग मातीने धरून ठेवलेले तेवढे उरते. ही वरची खूण. आता स्पंज जोराने पिळा. पाणी निघेल. आणखी पिळा. एक वेळ अशी येईल, की स्पंज हाताला दमट लागेल, पण एक थेंबही निघणार नाही. मातीतही असे काही पाणी असते, की ते कणांना घट्ट चिकटून बसते आणि मुळांना ओढून घेता येत नाही. ही खालची खूण. तेथवर पाणी उतरले, की झाड कोमेजते. शहाणा शेतकरी तेथवर वाट पाहत नाही. तो बराच आधी पाणी देतो.

वाळूमध्ये या दोन खुणांच्या मध्ये थोडेच पाणी मावते. चिकट मातीत खालची खूणच उंचावर असते. म्हणून ‘मातीत शंभरात २० भाग पाणी आहे’ असे नुसते कळून भागत नाही. वाळूत तेवढ्या पाण्यात झाड सुखात असेल आणि त्याच आकड्याला चिकट मातीत ते तहानलेले असेल.

आता ही ओल मोजायची कशी? पहिला मार्ग तर असा आहे, की त्याला वीज मुळीच लागत नाही. एका नळीच्या खालच्या टोकाला भाजलेल्या मातीची, बारीक छिद्रांची वाटी बसवतात. पाणी पाझरणारा माठ तुम्ही पाहिला असेल. तशीच ही वाटी असते. नळीत पाणी भरतात, वरून ती घट्ट बंद करतात आणि मुळांजवळ पुरतात. भोवतालची माती सुकू लागली, की ती वाटीतून पाणी ओढून घेऊ लागते. नळी बंद असल्याने आत ओढ बसते आणि वरच्या काट्यावर ती ओढ दिसते. जेवढी माती तहानलेली, तेवढी ओढ जास्त. झाडाच्या मुळाला पाणी ओढताना जो जोर लावावा लागतो, तोच हा काटा दाखवतो. या साधनाला टेन्सिओमीटर म्हणतात. मला स्वतःला हे साधन सर्वांत प्रामाणिक वाटते. पण काटा वाचायला माणसाला शेतात जावे लागते, नळीत वरचेवर पाणी भरावे लागते आणि माती फारच सुकली तर वाटीतून हवा आत शिरून साधन बंद पडते.

विजेचा उपयोग करणारा एक जुना मार्ग अमेरिकेत मिशिगन येथे निघाला. १९४० साली बुयूकॉस आणि मिक या दोन शास्त्रज्ञांनी जिप्समचा एक लहान ठोकळा केला. जिप्सम म्हणजे ज्यापासून प्लॅस्टर करतात तो खनिज पदार्थ. ठोकळ्यात धातूच्या दोन तारा होत्या. ठोकळा मातीत पुरला, की मातीबरोबर तोही ओला होई आणि तिच्याबरोबर सुके. ओल्या ठोकळ्यातून वीज सहज जाते, सुक्यातून अडखळत जाते. किती अडखळते ते मोजले, की ओल कळते. हा ठोकळा स्वस्त होता, पण जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे काही वर्षांनी तो बदलावा लागे.

मग ठोकळा कशाला, नुसते दोन खिळेच मातीत खुपसले तर? खूप मुले विज्ञानाच्या प्रदर्शनात असे करतात. यंत्र चालते, पण थोडेच दिवस. ओल्या मातीतून सतत एकाच दिशेने वीज गेली, की एक खिळा झिजू लागतो. शिवाय मातीत खत टाकले, की त्यातल्या क्षारांमुळे वीज जास्त सहज जाते आणि यंत्राला वाटते, माती ओली झाली! खत टाकल्यावर पाऊस पडला असे सांगणारे यंत्र काय कामाचे?

म्हणून आज बहुतेक ठिकाणी तिसरा मार्ग वापरतात. त्यात धातूच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्यांच्यावर पाणी न शिरणारे वेष्टन असते, त्यामुळे धातू मातीला लागतच नाही आणि झिजतही नाही. अशा दोन पट्ट्यांत थोडी वीज साठवता येते. किती साठेल, ते पट्ट्यांच्या आसपास काय आहे यावर ठरते. हवेत जेवढी साठते त्याला १ म्हटले, तर कोरड्या मातीच्या कणांमध्ये सुमारे ४ आणि पाण्यात तब्बल ८० साठते. एवढा मोठा फरक असल्यामुळे मातीत थोडे जरी पाणी वाढले, तरी लगेच कळून येते.

पण साठलेली वीज डोळ्यांना दिसत नाही. ती मोजायची एक सोपी युक्ती आहे. नळाची धार बारीक ठेवा आणि तिच्याखाली पेला धरा. तो लवकर भरेल. त्याच धारेखाली कळशी ठेवा. ती उशिरा भरेल. भरायला किती वेळ लागला, यावरून भांडे लहान की मोठे ते न पाहताही सांगता येईल. ओलावामापक हेच करतो. तो पट्ट्यांमध्ये विजेची बारीक धार सोडतो आणि त्या भरायला किती वेळ लागला ते मोजतो. माती ओली असेल तर ‘भांडे’ मोठे होते आणि वेळ जास्त लागतो. हा ‘जास्त’ वेळही डोळ्याचे पाते लवण्याच्या वेळेपेक्षा हजारो पटींनी लहान असतो, बरे का! म्हणजे मोजणीचे काम क्षणात उरकते. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्यावरच आहे.

शेतात विजेचा खांब प्रत्येक ठिकाणी नसतो. तारा पुरल्या तर नांगर किंवा ऊस तोडण्याचे यंत्र त्या तोडून टाकते. तेव्हा ओलावामापकाला आपली शिदोरी आपल्याबरोबरच ठेवावी लागते. ही शिदोरी म्हणजे टॉर्चमध्ये घालतात तसले लहान सेल. ते लवकर संपले, तर शेतकऱ्याला आठवड्या-आठवड्याला सेल बदलत फिरावे लागेल. दोन-तीन वेळा तो बदलील. नंतर यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहील. चांगली मोजणी करणारी कितीतरी यंत्रे केवळ सेल संपल्यामुळे अशी अडगळीत जातात.

तर मग सेल पुरवायचा कसा? आपण सेलला पाण्याची टाकी समजू आणि तीत २००० पेले पाणी आहे असे धरू. यंत्र जागे असताना तासाला २० पेले पिते. ते रात्रंदिवस जागे राहिले, तर टाकी किती तास पुरेल? २००० भागिले २०, म्हणजे १०० तास. चार दिवस आणि वर चार तास. संपले!

पण यंत्राने रात्रंदिवस जागे का राहावे? भात शिजत ठेवला, की आई दर सेकंदाला झाकण उघडून पाहत नाही. माती तर भातापेक्षाही संथ आहे. ती मिनिटामिनिटाला सुकत नाही. तासातून एकदा पाहिले तरी पुरे. मोजणी क्षणात होते, हे आपण वर पाहिलेच. आकडा टिपून ठेवण्याचा वेळ धरून आपण एक पूर्ण सेकंद देऊ. म्हणजे यंत्र तासातून एक सेकंद जागे राहील आणि उरलेले ३५९९ सेकंद झोपेल. दिवसभरात त्याचे जागरण होईल फक्त २४ सेकंद. तेवढ्यात ते किती पिईल? हिशेब केला, तर एका पेल्याच्या सातव्या भागाएवढे, त्याहूनही थोडे कमीच. अशाने २००० पेले चाळीस वर्षे पुरतील!

थांबा, एवढ्यात टाळ्या वाजवू नका. झोपलेला माणूस श्वास घेतो ना? झोपलेले यंत्रही थोडी वीज खाते. त्याच्यातले घड्याळ चालू असते. नाहीतर त्याला तासाने उठवणार कोण? समजा, झोपेत ते तासाला एका पेल्याचा शंभरावा भाग पिते. अगदी थेंबभर. पण झोप लांब आहे. दिवसाकाठी हे थेंब मिळून जवळजवळ पाव पेला होतात. म्हणजे आता झोपेतला खर्च जागेपणीच्या खर्चापेक्षा जास्त झाला! यंत्र तयार करणारे म्हणूनच ‘ते जागेपणी किती खाते’ यापेक्षा ‘झोपेत किती खाते’ हा प्रश्न आधी विचारतात. दोन्ही खर्च धरून टाकी चौदा वर्षांच्या आसपास पुरायला हवी. प्रत्यक्षात एवढी पुरत नाही, कारण सेल वापरला नाही तरी वर्षानुवर्षांत आपोआप थोडा थोडा रिता होतो. तरीही चार दिवसांच्या जागी काही वर्षे मिळाली.

येथे एक चोर सांगायला हवा. पुष्कळ यंत्रांवर एक बारीक लाल दिवा असतो. यंत्र चालू आहे, असे तो सांगतो. किती गोड दिसतो! तो तासाला पाच पेले पितो असे धरा. चारशे तासांत, म्हणजे सतरा दिवसांच्या आत, तो एकटा टाकी कोरडी करील. मातीत पुरलेल्या खोक्यातला दिवा पाहणार तरी कोण? गांडुळे? म्हणून शेतातल्या यंत्रावरचा हा दिवा काढूनच टाकतात.

मोजलेला आकडा शेतकऱ्याच्या घरी पोहोचवण्याचे काम रेडिओच्या लहरींनी करतात. हे काम मोजणीपेक्षा फार खर्चाचे. हळू बोलायला थोडा दम पुरतो, पण दूरच्या माणसाला हाक मारायची तर छाती भरून श्वास घ्यावा लागतो. यंत्राचेही तसेच आहे. आता अशा लहरींची पद्धत निघाली आहे, की ती थोड्या विजेत काही किलोमीटर जाते. मात्र ती अगदी सावकाश बोलते. तिच्यातून गाणे किंवा चित्र पाठवता येणार नाही. पण ‘ओल २३’ एवढेच सांगायला ती पुरेशी आहे. शिवाय यंत्राला एक सवय लावतात. दर तासाला मोजायचे, पण आकडा पहिल्यासारखाच असेल तर गप्प बसायचे. बदलला तरच सांगायचे. दिवसातून एखादा निरोप मात्र न चुकता धाडायचा, म्हणजे यंत्र बिघडलेले नाही हे घरी कळते.

ऊस वाढला, की आणखी एक अडचण येते. तो माणसापेक्षा उंच होतो आणि त्याची ओली पाने रेडिओच्या लहरी अडवतात. म्हणून लहरी पाठवणारी तार उसाच्याही वर, खांबावर बसवतात. सूर्याच्या प्रकाशावर वीज करणारी पट्टी लावायची असेल, तर तीही तेथेच लावावी लागते. खाली उसाच्या सावलीत तिचा काही उपयोग नाही.

यंत्र पुरायचे कोठे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो. जमिनीचे तसे नसते. आपले बेट ज्वालामुखीपासून झाले आहे. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले तुम्ही पाहिले असतील. ते सगळे दगड त्या शेतांतूनच निघालेले आहेत. अशा जमिनीत पट्टी खुपसताना ती दगडाला अडली, तर तिच्याभोवती हवेची पोकळी राहते. हवेचा आकडा १ आहे, हे आठवते ना? मग माती ओली असूनही यंत्र ‘कोरडे, कोरडे’ म्हणून ओरडत राहील. म्हणून दगड वेचून, माती चाळून, ती पट्टीभोवती हाताने घट्ट बसवावी लागते. ओलावामापक बिघडला असे वाटते, तेव्हा पहिल्यांदा हीच पोकळी पाहावी.

भाजीच्या शेतात दोन ओलावामापक वरखाली पुरले तर फार चांगले. एक मुळांमध्ये, साधारण २० सेंटिमीटर खोल. दुसरा मुळांच्या खाली, ५० सेंटिमीटरवर. वरचा सांगतो, पाणी केव्हा द्यायचे. खालचा सांगतो, केव्हा थांबायचे. पाणी दिल्यावर खालच्याचा आकडाही वाढू लागला, तर समजावे, की पाणी मुळांना सोडून पुढे निघाले आहे आणि खताला सोबत नेत आहे.

काही मळ्यांत ठिबक सिंचनाची तोटीसुद्धा यंत्रच उघडते आणि बंद करते. साधी विजेची तोटी उघडी असेपर्यंत सारखी वीज खाते. जणू कोणीतरी दार सारखे हाताने धरून उभे आहे. सेलवर चालणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी कडीसारखी तोटी केलेली असते. दाराची कडी घालताना आणि काढताना तेवढा जोर लागतो. मधल्या वेळात ती आपोआप तशीच राहते. या तोटीला उघडताना विजेचा एक झटका पुरतो आणि बंद करताना दुसरा.

आता राहिली शेवटची गोष्ट. यंत्र आकडा सांगते, पण त्या आकड्याचा अर्थ आपल्या मातीत काय, ते त्याला शिकवावे लागते. शाळेच्या बागेत तुम्हीही हे करू शकाल. ओलावामापकाशेजारची माती एका डब्यात घ्या आणि डब्याचे वजन सोडून तिचे वजन करा. ते १२० ग्रॅम भरले असे समजा. मग ती माती तापलेल्या भट्टीत पूर्ण सुकवतात. प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअस उष्णतेत एक दिवस ठेवतात. हे काम मोठ्या माणसांनी करायचे. सुकल्यावर वजन १०० ग्रॅम भरले, तर २० ग्रॅम पाणी उडून गेले. माती घेतली त्या वेळी यंत्र कोणता आकडा दाखवत होते, तो शेजारी लिहून ठेवा. माती कमी-जास्त ओली असताना असे पाच-सहा वेळा केले, की यंत्राच्या आकड्यांवरून पाण्याचे ग्रॅम काढता येतात.

आजोबांच्या मळ्यात भट्टी नाही. तेथे नातीने वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात यंत्राचा आकडा आणि तिसऱ्यात आजोबांच्या हाताने काय सांगितले ते. ‘गोळा होतो, हात ओला’, ‘वाफसा’, ‘गोळा होत नाही’ असे ती रोज लिहिते. तीन आठवड्यांनी तिने पाहिले, तर जेथे जेथे ‘वाफसा’ लिहिले होते, तेथे तेथे यंत्राचे आकडे २२ ते २७ च्या दरम्यान होते. एकाच दिवशी दोघांचे जुळत नव्हते. त्या दिवशी आजोबांनी खणून पाहिले, तेव्हा पट्टीला टेकून एक काळा दगड निघाला.